फेसलिफ्टचे प्रकार आणि त्यांतली निवड

गाल, जबड्याची कड आणि मान इथला सैल पडलेला भाग उचलून घट्ट बसवणे आणि मग उरलेली जादा कातडी कापून काढणे म्हणजे फेसलिफ्ट. व्याख्या एवढीच, पण या एका नावाखाली आज बऱ्याच शस्त्रक्रिया मोडतात. स्किन लिफ्ट, मिनी लिफ्ट, शॉर्ट स्कार, मॅक्स, स्मास प्लायकेशन, स्मासेक्टॉमी, हाय स्मास, डीप प्लेन, काँपोझिट ही नावे जाहिरातींत आणि मोबाइलवरच्या व्हिडिओंत सर्रास दिसतात आणि सल्ला घ्यायला आलेला माणूस बहुधा एकच प्रश्न घेऊन येतो: यांतला सगळ्यांत चांगला कोणता? या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. कोणत्या थराला हात घालायचा, तो कुठपर्यंत सोडवायचा, कोणत्या दिशेला ओढायचा आणि छेद किती लांब घ्यायचा, या चार गोष्टी वेगवेगळ्या प्रकारे जुळवल्या की वेगवेगळे प्रकार तयार होतात. कोणती जुळणी कोणाला लागू पडेल, हे चेहऱ्याची रचना समजल्याशिवाय ठरत नाही.

गालात वरून खाली पाच थर मोजतात. सगळ्यांत वर त्वचा, तिच्याखाली चरबी. तिसरा थर स्नायू आणि चिवट पापुद्रा यांचा मिळून झालेला. त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून सर्जन त्याला स्मास म्हणतात. चेहऱ्यावरचे हावभाव घडवणारे स्नायू या थराशी जोडलेले असतात आणि खाली मानेत तोच थर प्लॅटिस्मा या पसरट स्नायूत मिसळतो. चौथा थर सैल, सरकणारा. पाचवा म्हणजे चावण्याच्या स्नायूंवरचे आणि हाडावरचे घट्ट आवरण. चेहऱ्याच्या हालचाली चालवणारी फेशियल नर्व्ह कानासमोरच्या लाळग्रंथीत शिरते, तिथे तिच्या पाच मुख्य शाखा होतात आणि ग्रंथीच्या पुढच्या कडेतून बाहेर पडून त्या स्मासच्या खालून पुढे जातात. ग्रंथीच्या हद्दीत त्या सुरक्षित असतात. गालाच्या मध्याकडे जावे तसे त्यांच्यावरचे संरक्षण कमी होत जाते. फेसलिफ्टमधली बहुतेक मतभिन्नता अखेर या एका वस्तुस्थितीपाशी येऊन थांबते.

हे थर एकमेकांवर मोकळे पडलेले नसतात. गोधडीचे पदर जसे धावदोऱ्याने जागोजागी धरलेले असतात, तसे गालाच्या हाडापाशी, चावण्याच्या स्नायूच्या पुढच्या कडेला आणि हनुवटीच्या बाजूला जबड्यावर आखूड, चिवट बंध त्वचेला खोलवरच्या भागाशी बांधून ठेवतात. अमेरिकेतल्या डेव्हिड फर्नास यांनी १९८९ मध्ये गालातल्या या बंधांचे नीट वर्णन केले. वय वाढते तसे काही बंध सैल होतात, काही टिकून राहतात. टिकलेल्या बंधाच्या मागे वरून उतरलेला भाग अडकतो आणि तिथे फुगवटा येतो. हनुवटीच्या दोन्ही बाजूंना जबड्याच्या कडेवर जे ओघळ दिसतात, ज्यांना सर्जन जॉल्स म्हणतात, ते असे तयार होतात.

ओघळणे ही मात्र अर्धीच गोष्ट. चेहऱ्यातली चरबी सलग नसून वेगवेगळ्या कप्प्यांत असते, हे टेक्सासमधल्या रॉड रोरिक आणि जोएल पेसा यांनी २००७ मध्ये मृतदेहांच्या चेहऱ्यांत रंग टोचून दाखवले. वयाबरोबर हे कप्पे सारखे बदलत नाहीत. गालाचे खोल कप्पे रिकामे होतात, तर जबड्यालगतचे भरलेलेच राहतात. हाडही झिजते: डोळ्यांच्या खोबणी रुंदावतात, वरचा जबडा मागे सरतो. म्हणून पंचावन्न वर्षांच्या तीन बायका एका ओळीत बसवल्या, तर एकीची कातडी सैल, दुसरीचा गाल उतरलेला आणि तिसरीचा गाल रिकामा झालेला, असे होऊ शकते. तिघींच्या तोंडी तक्रार एकच असते, की चेहरा थकलेला दिसतो.

आरशासमोर ताठ बसून कानाच्या पुढ्यात दोन बोटे ठेवावीत आणि कातडी हलकेच मागे व वर सरकवावी. जबड्याची कड तेवढ्याने साफ होत असेल, तर फेसलिफ्टने बरेच साधेल. नाकापासून ओठांच्या कोपऱ्याकडे जाणारी वळी तशीच राहिली, तर नुसती त्वचा ओढून ती जाणार नाही, हेही तिथेच कळते. उताणे झोपून आरसा वर धरला की चेहरा एकदम तरुण दिसतो. पण शस्त्रक्रियेनंतर चेहरा तसा दिसेल, असे मानू नये. झोपल्यावर गुरुत्वाकर्षण ऊतींना मागे ओढते आणि तो परिणाम कोणत्याही टाक्याने हुबेहूब मिळत नाही.

या शस्त्रक्रियेचा इतिहास शंभर-सव्वाशे वर्षांचा आहे. भारतात प्लास्टिक सर्जरी म्हटले की सुश्रुताचे नाव निघते. पुण्यात १७९३ च्या सुमारास कावसजी नावाच्या बैलगाडीवानाचे कापलेले नाक कपाळाच्या कातडीने पुन्हा घडवले गेले आणि ती हकीकत १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात छापून आली, हेही सांगितले जाते. तो वारसा खरा आहे, पण तो गमावलेले अवयव पुन्हा घडवण्याचा. फेसलिफ्टची वंशावळ वेगळी. ती युरोपातल्या शहरांत आणि रंगभूमीभोवती सुरू होते. बर्लिनच्या ऑयगेन होलेंडर यांनी १९०१ मध्ये एका पोलिश उमराव स्त्रीच्या आग्रहावरून केसांच्या कडेची आणि कानाजवळची कातडी कापून काढल्याचे पुढे स्वतः नोंदवले. पॅरिसमध्ये सुझान नोएल या महिला सर्जनने हे काम पद्धतशीर केले. प्रसिद्ध नटी सारा बर्नहार्ट १९१२ मध्ये अमेरिकेहून चेहरा ताणून परतली आणि त्यातून नोएल यांचे कुतूहल जागे झाले. सौंदर्य शस्त्रक्रियेच्या सामाजिक भूमिकेवरचे त्यांचे पुस्तक १९२६ चे. वयामुळे नोकरी धोक्यात आलेल्या स्त्रियांना या शस्त्रक्रियेचा आधार मिळतो, अशी त्यांची मांडणी होती. शंभर वर्षांनंतरही ती शिळी झालेली नाही.

त्या काळापासून जवळजवळ सत्तरच्या दशकापर्यंत फेसलिफ्ट म्हणजे त्वचेची शस्त्रक्रिया होती. त्वचा मोकळी करायची, ताणायची, कापायची, शिवायची. त्वचा मूळची लवचीक. ताण दिला की ती हळूहळू पुन्हा सैलावते, आणि ताण अधिक दिला तर व्रण रुंद होतो, कानाची पाळी खाली खेचली जाते आणि वाऱ्याच्या झोतात उभे असल्यासारखा चपटा, मागे ओढलेला चेहरा तयार होतो. फेसलिफ्टची जी बदनामी आजही कानावर येते, ती मुख्यतः या काळाची देणगी.

स्वीडनमधल्या उप्साला इथले टॉर्ड स्कूग यांनी त्वचा आणि तिच्याखालचा पापुद्रा वेगळे न करता एकत्र उचलण्याची पद्धत १९७४ च्या आपल्या ग्रंथात मांडली. दोनच वर्षांनी, १९७६ मध्ये, पॅरिसच्या व्लादिमीर मिट्झ आणि मार्टिन पेरोनी यांनी त्या थराचे शरीररचनेच्या अंगाने वर्णन करून त्याला स्मास हे नाव दिले. ताण द्यायचा तो या थराला, त्वचा नुसती अलगद वर अंथरायची, हे तत्त्व तेव्हापासून रुजले. आजची सगळी पद्धतींची भाऊबंदकी या तत्त्वातून निघाली आहे. वाद आहे तो स्मासचे नेमके काय करायचे एवढाच.

सर्वांत साधा मार्ग म्हणजे स्मास न कापता त्याला घडी घालून टाके घेणे. याला प्लायकेशन म्हणतात. थराखाली शिरायचे नसल्यामुळे नर्व्हला धोका कमी, वेळ कमी. उणीव अशी की बंध सुटत नाहीत, त्यामुळे टाक्यापासून दूरचा भाग फारसा हलत नाही, आणि जड चेहऱ्यात टाका ऊतीतून कापत जाऊन सैल पडू शकतो. घडी घालण्याऐवजी गालाच्या बाजूवरची स्मासची तिरकी पट्टी कापून कडा एकमेकींना शिवणे म्हणजे स्मासेक्टॉमी. न्यू यॉर्कच्या डॅनियल बेकर यांनी नव्वदच्या दशकात ती लोकप्रिय केली. गोल, भरलेल्या चेहऱ्यात पट्टी काढल्याने थोडा भरीवपणा कमी होतो, तो फायद्याचा ठरतो. मुळातच सुकलेल्या चेहऱ्यातून तीच ऊती काढून टाकणे म्हणजे आहे ते भांडवल खर्चणे. अशा चेहऱ्याला घडी बरी.

मॅक्स लिफ्ट बेल्जियममधल्या गेंट इथल्या पॅट्रिक तोनार आणि अलेक्सिस फेरपाले या जोडीची. कानासमोरून कल्ल्याच्या खालून जाणारा आखूड छेद, कानामागे छेद नाही. खोल ऊतींत गोलाकार टाके घालून ते कानशिलावरच्या मजबूत आवरणाला बांधायचे आणि ओढ जवळजवळ सरळ वर द्यायची. ही दिशा महत्त्वाची आहे. चेहरा उतरतो तो खाली. मग त्याला मागे ओढण्यापेक्षा वर नेणे अधिक सयुक्तिक, हा विचार आता इतर पद्धतींनीही उचलला आहे. पंचेचाळीस-पन्नाशीच्या, जॉल्स नुकतेच दिसू लागलेल्या आणि मान अजून बरी असलेल्या व्यक्तीला अशा आखूड छेदाच्या पद्धती चांगल्या लागू पडतात. मानेची कातडी बरीच लोंबत असेल, तर तिला जायला जागाच उरत नाही. ती कानाच्या पाळीखाली गोळा होते. मिनी लिफ्ट या नावाने विकल्या जाणाऱ्या बहुतेक शस्त्रक्रिया या घराण्यातल्या आहेत. मिनीची ठरलेली व्याख्या मात्र कुठेच नाही. एका ठिकाणी त्यात स्मासचे टाके असतात, दुसऱ्या ठिकाणी नुसती कातडी कापलेली असते.

याच्या पुढची पायरी म्हणजे स्मास प्रत्यक्ष उचलणे. कानासमोर स्मास कापून, त्याच्याखाली शिरून, गालाच्या बंधांपलीकडे तो मोकळा करायचा आणि स्वतंत्र पडद्यासारखा वर ओढून बसवायचा. छेद गालाच्या हाडाच्या कमानीच्या वर घेतला तर ती हाय स्मास. मग ओढ गालाच्या वरच्या भागापर्यंत पोचते. इथे त्वचा आणि स्मास वेगवेगळे उचललेले असल्यामुळे दोघांना वेगवेगळ्या दिशा देता येतात: स्मासला सरळ वर, त्वचेला किंचित मागे. ही सोय मोठी आहे. पण त्यासाठी त्वचा बऱ्याच मोठ्या भागात मोकळी करावी लागते आणि तिचा रक्तपुरवठा तेवढा कमी होतो.

डीप प्लेन या नावाचा सध्या सर्वाधिक गाजावाजा आहे. डॅलसचे सॅम हॅम्रा यांनी १९९० मध्ये ती मांडली. त्वचा थोडीच मोकळी करायची. गालाच्या हाडाच्या बाहेरच्या कडेपासून जबड्याच्या कोनापर्यंतच्या तिरप्या रेषेवर स्मास कापायचा आणि तिथून पुढे त्वचा, चरबी व स्मास एकत्रच, एका जाड पदरासारखे, बंध कापत कापत उचलायचे. बंध सुटले की गाल सरकतो. नाकाजवळची वळी, जी त्वचा ओढून हलत नाही, ती काही अंशी मऊ होते. पदर जाड असल्यामुळे त्याचा रक्तपुरवठा भरभक्कम राहतो. ताण त्वचेवर पडत नाही, म्हणून व्रण बारीक राहतो. दुसरी बाजू अशी की सर्जनची कात्री नर्व्हच्या शाखांच्या थेट वरून फिरते. शस्त्रक्रिया लांब चालते, सूजही अधिक काळ रेंगाळते. हॅम्रा यांनीच १९९२ मध्ये खालच्या पापणीचा गोल स्नायूही त्याच पदरात घेऊन काँपोझिट पद्धत सुचवली. त्यात पापणीच्या तक्रारींचा धोका वाढतो, त्यामुळे ती थोड्याच हातांत राहिली. हाडावरचे आवरणच उचलणारी, बहुधा दुर्बिणीतून केली जाणारी पद्धत मुख्यतः गालाच्या मध्यभागासाठी आहे; जबडा आणि मान तिच्या आवाक्यात येत नाहीत.

आता, खोल म्हणजे चांगले, असे सरळ समीकरण मांडता येते का? पुरावा तसे सांगत नाही. न्यू यॉर्कमधल्या आयव्ही, लोरेंक आणि ॲस्टन यांनी २१ जणांच्या चेहऱ्याच्या एका बाजूला साधी स्मास पद्धत आणि दुसऱ्या बाजूला विस्तृत स्मास किंवा काँपोझिट पद्धत वापरली. १९९६ मध्ये छापलेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार वर्षभरानंतर दोन बाजूंत सांगण्याजोगा फरक दिसला नाही. याहून रंजक प्रयोग १९९५ चा. एकसारख्या जुळ्यांच्या दोन जोड्या निवडल्या आणि चौघांवर चार नामवंत सर्जननी आपापल्या पद्धतीने शस्त्रक्रिया केली: बेकर यांनी स्मासेक्टॉमी, हॅम्रा यांनी काँपोझिट, जॉन औस्ली यांनी स्मास-प्लॅटिस्मा, ऑस्कर रामिरेझ यांनी दुर्बिणीची पद्धत. दहा वर्षांपर्यंतची छायाचित्रे २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. चारही चेहरे चांगले दिसत होते आणि सर्जनांच्या सभांतही एकमताने विजेता ठरला नाही. चार माणसांवरून नियम बांधता येत नाही, हे खरेच. तरी एवढे म्हणायला हरकत नाही, की पद्धत कोणती यापेक्षा ती ज्याच्या हातात बसली आहे त्याने केली की नाही, याने जास्त फरक पडतो. डीप प्लेनची खरी सरशी गालाचा मध्य बराच उतरलेल्या, जड चेहऱ्यात दिसते. सडपातळ चेहऱ्याच्या, सौम्य जॉल्स असलेल्या माणसाने केवळ नाव ऐकून तिचा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

मानेचा विचार वेगळा करावा लागतो, कारण बऱ्याच जणांची खरी तक्रार तिथेच असते. हनुवटीखाली प्लॅटिस्माच्या दोन कडा सुट्या होऊन दोरीसारख्या दिसतात. हनुवटीखाली लहानसा छेद घेऊन त्या मध्यरेषेत शिवाव्या लागतात. त्वचेलगतची चरबी नळीने काढता येते. स्नायूखालची काढताना हात आखडता ठेवावा लागतो, नाहीतर मधोमध खळगा पडतो. ज्याची हनुवटीच मागे आहे, त्याची मान कितीही ओढली तरी काटकोनात येत नाही. तिथे हनुवटीला आधार देणे हा वेगळा उपाय असतो. रिकाम्या झालेल्या गालांसाठी पोटाची किंवा मांडीची चरबी काढून टोचणे आता फेसलिफ्टच्या जोडीने सर्रास केले जाते. टोचलेली सगळीच चरबी जगत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. पापण्या, कपाळ आणि ओठांभोवतीच्या बारीक उभ्या रेषा फेसलिफ्टच्या कक्षेत येत नाहीत. सुरकुती त्वचेच्या पोतातली असेल, तर तिला लेझर किंवा रासायनिक साल काढणे हा उपाय. धाग्यांच्या लिफ्टने सौम्य उचल मिळते आणि ती बहुधा वर्षभरात ओसरते. फेसलिफ्टला पर्याय म्हणून ती विकली जाते तेव्हा सावध राहावे.

पद्धत कोणतीही असो, लोकांना दिसतो तो व्रण, आणि तो कुठे लपवायचा यात सर्जनचे खरे कसब कळते. कानासमोरचा छेद स्त्रियांमध्ये बहुधा कानाच्या भोकापुढच्या छोट्या उंचवट्याच्या आतल्या कडेने नेतात, म्हणजे तो सावलीत जातो. पुरुषांमध्ये तसे केले तर दाढीचे केस त्या उंचवट्यावर येतात आणि कानावर वस्तरा फिरवायची वेळ येते. म्हणून छेद कानापुढच्या नैसर्गिक घडीत ठेवणे बरे. कल्ले आखूड झाले की फेसलिफ्ट लगेच ओळखू येते, त्यामुळे वर जास्त ओढ द्यायची असेल तर छेद केसांत न घेता कल्ल्याच्या खालच्या कडेने घेतात. कानामागचा छेद मानेच्या केसांच्या रेषेपाशी वळतो. तिथे केसांची पायरी तुटली तर एरवी कुणाला दिसत नाही, पण अंबाडा किंवा उंच वेणी घालणाऱ्या बाईला ती रोज झाकावी लागते. सल्ल्याच्या वेळी केस नेहमी कसे बांधता, हे विचारणारा सर्जन बारकाईने काम करणारा समजावा. कानाच्या पाळीवर ताण आला तर ती गालाला चिकटून खाली ओढली जाते, आणि वर्षानुवर्षे जड कुड्या किंवा झुमके घालून भोक आधीच लांबले असेल तर हे व्यंग अधिक उठून दिसते. फाटलेले भोक त्याच बैठकीत शिवता येते.

पाश्चात्त्य पुस्तकांतली उदाहरणे बहुतांशी गोऱ्या त्वचेची आहेत. सावळ्या त्वचेतले मेलॅनिन उन्हापासून संरक्षण देते, म्हणून बारीक सुरकुत्या उशिरा येतात. ओघळणे आणि डोळ्यांखालचा खोलगटपणा आधी दिसतो. अशा चेहऱ्याला नुसत्या त्वचेच्या शस्त्रक्रियेचा उपयोग आणखीच कमी. उलट व्रण जाड होण्याची, कीलॉइड वाढण्याची आणि डाग काळा पडण्याची शक्यता जास्त. कान टोचल्यावर गाठ आली होती का, हा प्रश्न त्यासाठीच विचारतात. आणि फेसलिफ्ट म्हणजे नेहमी हौसच, असेही नाही. कुष्ठरोगाच्या लेप्रोमॅटस प्रकारात त्वचेतले लवचीक तंतू नष्ट होतात आणि रोग बरा झाल्यावर तरुण माणसाचा चेहराही म्हाताऱ्यासारखा लोंबतो. रोग गेला तरी ओळख जात नाही. पुण्याजवळच्या कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात डॉ. नोशिर अंतिया यांनी पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धात कुष्ठरुग्णांच्या विकृतींवर प्लास्टिक सर्जरीचे काम उभे केले. अशा रुग्णाची सैल कातडी काढणे ही पुनर्वसनाची शस्त्रक्रिया असते.

धोक्यांमध्ये सगळ्यांत नेहमीचा म्हणजे त्वचेखाली रक्त साचणे. स्त्रियांमध्ये हे प्रमाण शेकडा एक ते तीनच्या आसपास; पुरुषांमध्ये दाढीच्या मुळांना रक्तपुरवठा जास्त असल्याने त्याच्या दुपटीहून अधिक. ते बहुधा पहिल्या चोवीस तासांत होते आणि वाढलेला रक्तदाब हे त्याचे मोठे कारण. म्हणून त्या रात्री एका बाजूला अचानक दुखू लागले किंवा सूज चढली तर सकाळची वाट पाहू नये. फेशियल नर्व्हची कायमची इजा शेकडा एकाहून कमी. तात्पुरता अशक्तपणा त्याहून जास्त जणांना येतो आणि बहुधा काही महिन्यांत जातो. सर्वाधिक दुखावते ती कानाच्या पाळीला संवेदना देणारी मानेतली नर्व्ह. ती गेली तर पाळी बधिर राहते आणि डूल घालताना भोक सापडत नाही.

तंबाखूबद्दल तडजोड नाही. थॉमस रीस आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये हजाराहून अधिक रुग्णांची पाहणी छापली. तीत सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये कातडी मरण्याचा धोका न ओढणाऱ्यांच्या सुमारे १२ पट आढळला. निकोटिन रक्तवाहिन्या आवळते, मग ते कोणत्याही वाटेने शरीरात जावो. महाराष्ट्रात यातली मेख वेगळी आहे. सिगारेट ओढता का, असे विचारल्यावर नाही म्हणणारी बाई रोज सकाळी मिशरी लावत असू शकते, आणि तिच्या लेखी ते व्यसन नसतेच. मिशरी, गुटखा, तंबाखू-चुना, सगळे शस्त्रक्रियेआधी आणि नंतर किमान चार-चार आठवडे बंद हवे. ॲस्पिरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि आयुर्वेदिक किंवा इतर पूरक औषधे सर्जनला सांगावीत. गोळ्या परस्पर बंद करू नयेत, ज्या डॉक्टरांनी दिल्या त्यांना विचारावे. मधुमेह आणि रक्तदाब काबूत हवेत. वजन कमी करण्याची इंजेक्शने घेऊन चेहरा झपाट्याने उतरलेल्यांनी वजन स्थिर होईपर्यंत काही महिने थांबलेले बरे, कारण आज बेतलेली कातडी उद्याच्या चेहऱ्याला सैल होते.

या क्षेत्रात नावे विकली जातात. अमेरिकेत लाइफस्टाइल लिफ्ट या कंपनीने स्थानिक भुलीतली, झटपट फेसलिफ्ट आपल्या छापाने देशभर विकली. तिच्या कर्मचाऱ्यांनी समाधानी रुग्ण असल्याचे भासवून इंटरनेटवर खोटे अभिप्राय लिहिल्याचे प्रकरण २००९ मध्ये न्यू यॉर्कच्या ॲटर्नी जनरलपर्यंत गेले आणि कंपनीला तीन लाख डॉलर भरावे लागले. पुढे २०१५ मध्ये तिचा कारभारच बंद पडला. शस्त्रक्रियेला ट्रेडमार्क लावला म्हणून तिच्यातले टाके बदलत नाहीत. आकर्षक नाव कानावर पडले की आत काय करणार, एवढेच विचारावे: स्मासला घडी, कात्री की उचल?

भारतात प्लास्टिक सर्जनसाठी एमसीएच किंवा त्या तोडीची डीएनबी ही पात्रता आहे. पदवीबरोबरच तो सर्जन फेसलिफ्ट नेहमी करतो का, हे पाहावे. नाकाच्या किंवा भाजलेल्यांच्या शस्त्रक्रियेत निष्णात असलेला प्रत्येक जण चेहरा उचलण्यात तितकाच सरावलेला असेल असे नाही. त्याने केलेल्या रुग्णांची वर्षानंतरची छायाचित्रे, तीही एकाच प्रकाशात, न हसता आणि बाजूने घेतलेली, मागावीत. तीन आठवड्यांच्या छायाचित्रात सूजच सुरकुत्या भरून काढते. भूल कोण देणार, रात्री रुग्णालयात राहायचे का, रक्त साचले तर पुन्हा उघडण्याची सोय तिथे आहे का, हे प्रश्न पद्धतीच्या नावाहून मोलाचे. आरोग्य विमा सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेचा खर्च देत नाही. अपघात, भाजणे किंवा कर्करोगानंतरच्या पुनर्रचनेचा मुद्दा निराळा. इतर वैद्यकीय उपचारांना असलेली जीएसटीची सूटही इथे लागू होत नाही, म्हणून सांगितलेली रक्कम करासह आहे का, ते विचारून घ्यावे.

चेहऱ्यावरचे काळेनिळेपण साधारण दोन आठवड्यांत उतरते. लग्नकार्य असेल तर मध्ये किमान दोन-तीन महिने ठेवावेत, कारण बारीक सूज आणि बधिरपणा तेवढा काळ रेंगाळतो. परिणाम किती टिकतो, याला ठराविक आकडा नाही. मिनी प्रकार काही वर्षांत ओसरतात, स्मास आणि डीप प्लेनचे फळ साधारण आठ-दहा वर्षे दिसते आणि मान सर्वांत आधी सैलावते. वय थांबलेले नसते. फक्त त्याची सुरुवात पुढच्या रेषेवरून होते. दुसऱ्यांदा फेसलिफ्ट करायची वेळ अनेकांवर येते. तेव्हा थर पहिल्यासारखे सुटे नसतात, व्रणाने चिकटलेले असतात, आणि आधी स्मास कापला होता की नुसती घडी घातली होती, हे ठाऊक नसलेल्या सर्जनला नर्व्हजवळ चाचपडावे लागते. म्हणून रुग्णालयातून घरी येताना ऑपरेशनच्या नोंदीची प्रत मागून घ्यावी आणि ती जपून ठेवावी.